अँटेना कोणता घ्यावा? सातपुड्याच्या पायथ्याच्या एका घराचं प्रकरण

घर चोपडा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याला लागून. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. घरात आप्पा आणि माय, थोरला मुलगा, सूनबाई आणि दोन शाळकरी पोरं. थोरल्याकडे केळी आणि कपाशी, धाकटा नोकरीनिमित्त पुण्याला. भिंतीवर ३२ इंची एलईडी टीव्ही, गच्चीवर खासगी डीटीएचची छत्री आणि दर महिन्याला रिचार्जवरून कुरबुर. आप्पांना सह्याद्रीवरच्या बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम लागतात, थोरल्याला भारताची मॅच, पोरांना कार्टून, सूनबाईंना रात्रीची एक मराठी मालिका. एवढ्यासाठी शेकडो चॅनेलचं पॅकेज कशाला घ्यायचं, हा आप्पांचा सवाल रास्तच होता.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये लोक छतावर अँटेना लावून फुकट चॅनेल बघतात, असं धाकट्यानं कुठंतरी वाचलं आणि घरी ऑनलाइन अँटेना धाडून दिला. खोक्यावर सगळं काही लिहिलेलं होतं: एचडी, फोर-के, ३०० किलोमीटर रेंज, सोबत अ‍ॅम्प्लिफायर. थोरल्यानं तो गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी दीड इंची पाइपावर चढवला, तोंड चोपड्याकडे केलं आणि टीव्हीत चॅनेल शोधायला लावले. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली, हाती आलं शून्य. मग तोंड जळगावकडे, मग धुळ्याकडे, मग पाइप आणखी उंच. तरी शून्यच.

तालुक्यात टीव्ही-डिशची कामं मी करतो, म्हणून निरोप माझ्याकडे आला. आप्पांनी तक्रार एका वाक्यात सांगितली: "पोऱ्यानी पुनाथून धाडेल शे, पन काहीच दिखत नही."

अँटेना खराब निघाला, चांगल्या कंपनीचा कोणता घेऊ, असं थोरल्यानं विचारलं. हा प्रश्न मला अलीकडे बऱ्याच जणांकडून येतो, म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर लिहितो. त्या अँटेनात कसलाही दोष नव्हता. इथल्या हवेत पकडण्यासारखं काही नव्हतं.

टॉवर बंद झाले, समजूत राहिली

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण आपल्या भागात टीव्ही खऱ्या अर्थानं पोचला ऐंशीच्या दशकात. इन्सॅट उपग्रहावरून कार्यक्रम खाली घ्यायचे आणि कमी क्षमतेच्या प्रक्षेपण केंद्रातून आजूबाजूच्या पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात सोडायचे, अशी ती व्यवस्था होती. त्या काळच्या गच्च्यांवरचे अ‍ॅल्युमिनियमचे अँटेने आठवत असतील: लांबलचक दांड्या, खाली उतरलेली चपटी वायर, आणि "आलं का? अजून थोडं फिरव!" ही गच्ची ते ओटा हाकाटी. काही जुन्या घरांवर ते सांगाडे अजून उभे आहेत. कावळ्यांना बसायला होतात.

ती प्रक्षेपणं आता नाहीत. प्रसार भारतीनं जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद केले. सीमाभागासारख्या मोक्याच्या ठिकाणचे पन्नासएक ठेवून बाकीचे मार्च २०२२ पर्यंत बंद करायचे, हे २०२१ मध्येच जाहीर झालं होतं. पण लोखंडी मनोरा कुठं उभा दिसला की त्याच्याकडे तोंड केल्यावर चित्र येतं, ही समजूत लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. थोरल्यानं अँटेना आधी चोपड्याकडे वळवला तो त्यामुळेच.

आता डिजिटल प्रक्षेपणाचं बघू, कारण धाकट्यानं वाचलं होतं ते त्याबद्दलच. दूरदर्शननं फेब्रुवारी २०१६ मध्ये डीव्हीबी-टी२ पद्धतीचं जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण १६ शहरांत सुरू केलं. त्यात महाराष्ट्रातली शहरं दोनच होती, मुंबई आणि औरंगाबाद. जळगाव, धुळे, नंदुरबार, यांपैकी एकही नाही. खान्देशाला त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथला मनोरा म्हैसमाळच्या डोंगरावर. चोपड्यापासून सरळ रेषेत तो सव्वाशे किलोमीटरपेक्षा लांब, आणि मध्ये सातमाळा-अजिंठ्याची रांग आडवी. दुसरं शहर इंदूर, पण ते सातपुडा ओलांडून पलीकडे. चाळीसगावकडे कोणाला हौस असेल तर अंतर कमी पडतं खरं, पण तिथं डोंगर अगदी नाकासमोर येतो. मी तरी कोणाला त्या भानगडीत पडा म्हणणार नाही.

३०० किलोमीटरचं काय

टीव्हीच्या या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे दोन उंचीवरच्या वस्तू एकमेकींना कुठवर "दिसतात" याला मर्यादा पडते. हिशेब अगदी सोपा आहे. उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढायचं, त्याला ४.१२ नं गुणायचं, की किलोमीटर मिळतात. मनोरा आणि घरचा अँटेना, दोघांचा आकडा काढून बेरीज करायची. मनोरा १०० मीटरचा धरला तर ४१ किलोमीटर, आपला अँटेना १० मीटरवर तर १३. झाले ५४. सपाट मुलखात, मध्ये काहीही आडवं नसताना.

आता खोक्यावरचे ३०० किलोमीटर घ्या. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. कोणी तिथं ट्रान्समीटर नेऊन बसवला आणि मधले सगळे डोंगर बाजूला केले, तरी हा हिशेब १६७ किलोमीटरवर थांबतो. आपले १३ मिळवून १८०. वातावरणाच्या लहरीनं एखाद्या रात्री लांबचं स्टेशन लागतं, ते निराळं. रोजच्या बातम्या त्यावर बघता येत नाहीत.

अ‍ॅम्प्लिफायरबद्दलही सांगतो, कारण थोरल्याची सगळी आशा त्यावर होती. अ‍ॅम्प्लिफायर आलेला सिग्नल वाढवतो. सिग्नलच नसेल तर नुसती खरखर मोठी करून टीव्हीला देतो. शिवाय त्या अँटेनाच्या दांड्या वीतभर लांबीच्या होत्या, म्हणजे तो यूएचएफ, म्हणजे जास्त वारंवारतेच्या पट्ट्यासाठी बनवलेला. अर्ध्या तरंगलांबीचा नियम लावला तर ६०० मेगाहर्ट्झला २५ सेंटिमीटरची दांडी लागते आणि १८० मेगाहर्ट्झच्या जुन्या व्हीएचएफ पट्ट्याला ८३ सेंटिमीटरची. म्हणजे उद्या एखादं जुनं केंद्र पुन्हा चालू झालं असतं, तरी हा अँटेना तिथं लंगडाच पडला असता. दांड्यांची लांबी बघून अँटेना कशासाठी आहे ते ओळखता येतं. खोक्यावरचा मजकूर वाचण्यापेक्षा हे बरं.

मग फुकट येतं कुठून

आग्नेयेकडून, वरून. डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली. मासिक वर्गणी नाही, एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की झालं. सध्या ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, जो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर उभा आहे. चोपडा-अमळनेर भागातून बघितलं तर त्याची दिशा उत्तरेपासून साधारण १३७ अंश, म्हणजे जवळपास नेमकी आग्नेय, आणि उंची क्षितिजापासून ५७-५८ अंश.

या दोन आकड्यांनीच आमच्याकडचा अर्धा प्रश्न सुटतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत "आमच्याकडे डोंगर आहे, आमच्याकडे काय दिसणार" असं लोक हताशपणे म्हणतात. टॉवरच्या काळात ते खरं होतं. पण इथून सातपुडा उत्तरेला आणि उपग्रह आग्नेयेला. डोंगर छत्रीच्या पाठीमागे राहतो, त्याचा काही संबंध उरत नाही. पायथ्याच्या गावाला आणि तापीकाठच्या गावाला इथं सारखंच माप मिळतं.

थोरल्याला हे पटलं, पण त्याची पहिली प्रतिक्रिया होती, "मग मोठ्ठी छत्री घेऊ, नव्वद सेंटिमीटरची." मी नको म्हटलं. छत्री जितकी मोठी तितका सिग्नल जास्त येतो हे खरं आणि जोराच्या पावसात मोठी छत्री जरा उशिरा मान टाकते. पण तिची नजर तितकीच अरुंद होते. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर तीनएक अंशांची, नव्वदची दोनच अंशांची. त्यात नव्वदच्या छत्रीवर वाऱ्याचा दाब साठच्या सव्वादोन पट. मे-जूनमध्ये आमच्याकडे जे वादळ येतं त्यात उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात, हे केळीवाल्या माणसाला मी काय सांगायचं? साठच्या छत्रीचा काठ दीडेक सेंटिमीटर सरकला की चित्र जायला लागतं. त्यामुळे आमच्या पट्ट्यात छत्रीच्या आकारापेक्षा तिचा पाय किती घट्ट आहे याला मी जास्त किंमत देतो. साठची पुरते.

आणि साठची त्यांच्या गच्चीवर होतीच की! खासगी डीटीएचची. तीच वळवायची ठरली. मात्र तिच्या तोंडाशी असलेली एलएनबी, म्हणजे पत्र्यावरून आलेला सिग्नल गोळा करणारी डबी, चालली नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे. फ्री डिशचा एक ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचा प्रक्षेपक) ११०९० मेगाहर्ट्झवर आहे. एलएनबी त्यातून स्वतःचा एक ठरावीक आकडा वजा करून उरलेला सिग्नल केबलमधून खाली पाठवते आणि बॉक्सला ९५० ते २१५० च्या दरम्यानचंच कळतं. युनिव्हर्सल एलएनबी ९७५० वजा करते, उरतात १३४०, काम झालं. त्यांच्या एलएनबीवर नुसतं १०६०० छापलेलं होतं. वजा केले की उरतात ४९०, बॉक्सच्या लेखी काहीच नाही. म्हणून दुकानात एलएनबी घेताना तिच्यावर ९७५०/१०६०० असे दोन्ही आकडे आहेत का, एवढं वाचून घ्या. छत्री वळवून वळवून दमलेले आणि शेवटी "फ्री डिश आमच्याकडे येतच नाही" म्हणणारे लोक मी पाहिलेत. त्यांतल्या काहींची अडचण एवढीच होती.

बॉक्स एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चालणारा घेतला. जुना एमपीईजी-२ बॉक्स कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये, त्यावर कमी चॅनेल लागतात. काही नव्या टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. माहितीपत्रकात डीव्हीबी-एस२ लिहिलंय का ते बघायचं. आप्पांच्या टीव्हीत ते नव्हतं. सगळंच नवं घ्यावं लागलं असतं तर आमच्याकडे साधारण दीड ते अडीच हजारांत काम होतं. छत्री घरचीच असल्यानं त्यांना बरंच कमी लागलं.

गच्चीवर

जागा निवडायला मी मुद्दाम सकाळी सव्वाअकराची वेळ सांगितली होती. मार्चचा दुसरा आठवडा चालू होता. वर्षातून दोनदा, ११-१२ मार्चच्या आणि २ ऑक्टोबरच्या आसपास, सूर्य आपल्या इथून बघताना या उपग्रहाच्या बरोबर मागून जातो. मार्चमध्ये आमच्याकडे ती वेळ सव्वाअकराच्या सुमाराची, ऑक्टोबरमध्ये अकराच्या किंचित आधीची. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र फुटतं आणि लोक बॉक्स बिघडला म्हणून फोन करतात. पण जागा शोधणाऱ्याला हीच वेळ सोन्यासारखी. होकायंत्र नको, कोन मोजायला नको. त्या क्षणी गच्चीवर जिथं ऊन आहे तिथून उपग्रह दिसतो, जिथं सावली आहे तिथून दिसत नाही.

थोरल्यानं छत्रीसाठी जिन्याजवळचा कोपरा धरला होता, वायर थेट खाली बैठकीत उतरते म्हणून. सव्वाअकराला त्या कोपऱ्यावर शेजारच्या कडुनिंबाची सावली होती. निंब काही फार वाकडा आलेला नव्हता, पण गच्चीपासून चार-पाच पावलांवर आणि गच्चीच्या वर दुमजली घराएवढा उंच. अंदाजाला सूत्र असं: छत्रीपासून झाड जितकं लांब, त्याच्या दीडपटीपेक्षा ते छत्रीच्या वर जात असेल तर अडतं, कमी असेल तर नाही. मग कठड्याच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या वरचा कोपरा उन्हात होता, तो घेतला. घराचा तोच आग्नेय कोपरा. वास्तूच्या हिशेबानं सगळं जागच्या जागी बसलं म्हणून माय खूश.

छत्रीचं तोंड बघून बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ती आकाशाकडे न बघता समोरच्या घरांवर नजर ठेवून असल्यासारखी वाटते. या छत्र्या तिरक्या परावर्तनाच्या असतात. पत्रा मागे कललेला दिसतो तेहेतीस-पस्तीस अंश, पण बघते ती ५८ अंशांवर. म्हणून समोरचं पत्र्याचं शेड आड येतंय असं वाटून जागा सोडू नका. आड येतं ते वरचं.

पाय बसवताना थोरल्याचं घर सिमेंटच्या स्लॅबचं होतं, हे बरं झालं. जुन्या धाब्याच्या घरांवर ड्रिल मारायचं नाही. छिद्रातून पहिल्या पावसात पाणी आत येतं आणि मग टीव्ही राहतो बाजूला. तिथं भिंतीच्या बाजूनं क्लॅम्प घ्यावा, नाहीतर लोखंडी स्टँडवर दगड रचून वजन द्यावं. इथं कठड्याच्या आतल्या अंगाला चार बोल्ट मारले. छत्री कठड्याच्या आडोशाला ठेवली, वारा कमी लागतो.

केबलसाठी जुन्या अँटेनाची वायर चालेल का, असं आप्पांनी विचारलं. चालत नाही. एलएनबीला वीज त्याच केबलमधून वर जाते, त्यामुळे आरजी-६ केबल (डीटीएचला वापरतात ती गोल केबल) लागते, आणि टीव्हीपर्यंत शक्यतो सलग. डीटीएचची आधीची केबल होती, पण तिच्या वरच्या टोकाचा एफ-कनेक्टर उघडला तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली आणि जाळीचा एक केस मधल्या तारेला टेकायला आलेला. तेवढ्यानं शॉर्ट होतं. वीतभर केबल कापून टाकली, नवा कनेक्टर लावला, केबलला एलएनबीच्या खाली एक झोल दिला म्हणजे पावसाचं पाणी त्या वळणावरून गळून पडतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही.

बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. लोक पहिलीकडे बघतात. पहिली पट्टी एलएनबी आणि केबल नुसती जागेवर असली की भरलेली दिसते, छत्री निंबाकडे बघत असली तरी. बघायची ती दुसरी. थोरला गच्चीवर, त्याचा एक पोरगा जिन्यात, आप्पा टीव्हीसमोर. छत्री उंचीला कायम करून आडवी अगदी मुंगीच्या पावलानं फिरवायची आणि प्रत्येक वेळी क्षणभर थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. घाईत नेमकी तीच जागा ओलांडून पुढे जाते. क्वालिटी लागल्यावर एलएनबी तिच्या खोबणीत थोडी डावी-उजवीकडे फिरवून पट्टी आणखी वर काढली. मग बोल्ट आवळले आणि पाइपावर आणि क्लॅम्पवर मिळून ऑइलपेंटनं एक आडवी-उभी रेघ मारली. वादळात छत्री फिरली तर रेघेला रेघ जुळवायची. पुढे जूनच्या वादळानंतर थोरल्यानं तसंच केलं, मला बोलवावं लागलं नाही.

एक ताकीद सूनबाईंना दिली आणि ती अस्थानी नव्हती. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळं घर रात्री गच्चीवर झोपतं. खाटा ओढताना छत्रीला धक्का लागतो, नाहीतर सकाळी गोधड्या वाळत घालायला तिच्या दांडीला दोरी बांधली जाते. पायथ्याच्या गावांत वानरांचा त्रास वेगळाच. वानरांना ताकीद देता येत नाही.

काय मिळालं, काय नाही

आप्पांचं काम झालं. सह्याद्री आणि दूरदर्शनच्या बाकीच्या वाहिन्या रिचार्जशिवाय लागतात. मॅचच्या बाबतीत थोरल्याला फायदाच झाला. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्रण खासगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते चित्रण दूरदर्शननं स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणात आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबल-डीटीएचवर नाही, ही भूमिका कायम ठेवली. त्यामुळे भारताचा सामना फ्री डिशच्या घरात दिसतो आणि पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याच्या त्याच दूरदर्शन वाहिनीवर दुसरंच काही चालू असतं. आयपीएल मात्र त्या यादीत नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं.

सूनबाईंचं नुकसान झालं. त्यांची मालिका ज्या वाहिनीवर येते ती पैसे घेणारी, फ्री डिशवर नाही. फ्री डिशवरच्या जागा खासगी वाहिन्यांना ई-लिलावानं मिळतात, त्यामुळे आज असलेली वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. १ एप्रिल २०२२ पासून हिंदीतल्या मोठ्या समूहांच्या चार लोकप्रिय मनोरंजन वाहिन्या एकदम तिथून गेल्या, तेव्हा गावोगाव "डिश बिघडली" म्हणून ओरड झाली होती. मालिकेसाठी मोबाइल हा पर्याय निघाला, पण पायथ्याला रेंज ओट्याच्या एका कोपऱ्यातच येते. मग सूनबाईंनी थोरल्याकडून जुन्या डीटीएच बॉक्ससाठी दुसरी छत्री लावून घेतली आणि फक्त ती एक वाहिनी आणि तिच्याबरोबर गळ्यात पडणाऱ्या दोन-चार, एवढाच रिचार्ज चालू ठेवला. खर्च शून्यावर आला नाही, पूर्वीच्या निम्म्याच्या खाली आला. आप्पांना हे दोन छत्र्यांचं प्रकरण अजून पटलेलं नाही. माझ्या मते सूनबाईंचं बरोबर आहे. घरात बाई दिवसभर राबते आणि तिची अर्ध्या तासाची मालिका सगळ्यांत आधी कापली जाते, ही कसली काटकसर?

पुण्याहून आलेला अँटेना परत करायची मुदत तोवर टळून गेली होती. पाइप मात्र चांगला निघाला, दुसरी छत्री त्याच्यावरच आहे.

चॅनेल एखाद्या दिवशी अचानक गायब झाले तर छत्रीला हात लावण्याआधी बॉक्समध्ये पुन्हा शोध लावून बघायचा, हे थोरल्याला दाखवून ठेवलंय. लिलावानंतर, विशेषतः एप्रिलच्या सुरुवातीला, वाहिन्यांच्या जागा बदलतात. शोधूनही काही आलं नाही आणि क्वालिटीची पट्टी खाली असेल, तर मग गच्चीवर जाऊन रंगाची रेघ बघायची.